जुनी एसयूव्ही घेतलीत? आधी तेलपाणी बघा
सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम राहू द्या बाजूला. मालक 'सगळं वेळेवर केलंय' म्हणाला तरी बिल नसेल तर केलेलं नाही असंच धरा. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या भागांचा ताळमेळ राखणारा पट्टा) कधी बदलला याचा पत्ता नसेल तर तो सगळ्यात आधी बदला. इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट बदला. ब्रेक ऑइलही, कारण ते हवेतला ओलावा शोषतं. फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारा गिअरचा डबा) आणि डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा) यांचं तेल हमखास विसरलं जातं. तिथे आधी वरचा भरायचा नट सुटतोय का बघा, मगच खालचा ड्रेन प्लग खोला. मी उलटं केलं, तेल काढलं आणि वरचा नट सुटेना, गाडी दोन दिवस जागेवर! टायरवर 2319 दिसलं तर तो 2019च्या 23व्या आठवड्यातला. नक्षी चांगली दिसली म्हणून भुलू नका, टायरचं वय बघा.