डुकराला फास लावू काय? या आठवड्यातल्या तीन प्रश्नांना उत्तर

नमस्कार मंडळी. गोव्यातल्याच तीन जणांनी तीन वेगळे प्रश्न पाठवलेत पण विषय एकच म्हणून एकत्रच लिहितो. वाळपईकडच्या एका बाबांचा कणग्यांचा (कंदांचा) अर्धा मळा डुकरांनी उकरला, शेजारी म्हणतो क्लचवायरचे फास लाव, तर लावू काय? सांगेच्या ताईंना माकडं धरायला पिंजरा हवाय, तो आमच्या कृषी ऑफिसात मिळतो काय? आणि काणकोणच्या एका पोराने फोटोच पाठवलाय, उंदराच्या पिंजऱ्यात मुंगूस अडकलंय.

मुंगसाचं आधी, कारण ते बिचारं अजून आत आहे. पिंजऱ्यावर गोणपाट टाक, अंधार झाला की धडपड कमी होते. सावलीत ठेव, कुत्रं बांध, हात आत घालू नको. जखम दिसत नसेल तर तिथेच गडग्याकडे (दगडी बांधाकडे) तोंड करून ठेव, मागे उभा राहून काठीने दार उचल आणि गप्प राहा, जाईल ते. लांब नेऊन सोडायची गरज नाही. जखम असेल तर मात्र सोडू नको, वनखात्याच्या रेंज ऑफिसला फोन लाव. आणि पुढच्या वेळी आत सुका बांगडा नको लावू, त्या वासाने मुंगूस आणि उदमांजर दोन्ही येतात, भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा लाव, उंदराला तोच आवडतो. पिंजरा रोज सकाळी उजाडल्याबरोबर बघायचा, दहाच्या उन्हात तो पत्रा तव्यासारखा तापतो.

आता फास. बाबा, नाही म्हणजे नाही. एका काजूच्या भाटात (बागेत) मी कुत्रा असा अडकलेला पाहिलाय, वायर कमरेत रुतलेली, जेवढा ओढेल तेवढी आत जाते, पकडीने कापताना आधी कातडीखाली बोट घालून वायर शोधावी लागली. डुकराच्या वाटेवर बिबटा पण चालतो, त्याला तो फास कुणासाठी लावलाय ते काय कळणार? आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक नाही, फास लावणं, सापळ्यात धरणं, आमिष टाकणं हे सगळं शिकारच. डुकरासाठीसुद्धा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला धरायचं किंवा मारायचं तर लेखी हुकूम लागतो, तो मुख्य वन्यजीव रक्षकांकडून किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडून, आमच्याकडून नाही. विषाचं तर नावच काढू नका, २०२० च्या जानेवारीत सत्तरी तालुक्यात गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे गेले ते विसरलो नसू आपण.

मग करायचं काय? झटका मशीन, सोलरवालं, कुंपणाच्या तारेला जोडायचं. घरची २३० व्होल्टची लाईन तारेत सोडणं आणि हे एक नव्हे, ती लाईन माणूस मारते, मशीन सेकंदाला एखादा बारीक ठोका देतं. डुक्कर नाकाने चाचपत येतं म्हणून खालची तार जमिनीपासून वीतभरच वर, दुसरी गुडघ्याएवढी, बऱ्याच जणांची खालची तार फूटभर वर असते आणि डुक्कर आरामात खालून जातं मग म्हणतात मशीन फसवं. तारेखालचं गवत मारत राहा, गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो. आपली चिऱ्याची जमीन एप्रिल-मेत ठणठणीत सुकते, तेव्हा अर्थिंगच्या सळीपाशी संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओता, नाहीतर मशीन टिकटिक करेल पण झटका बसणार नाही. कुंपणाला सबसिडी आहे, जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि कृषी कार्ड घेऊन तुमच्या विभागीय ऑफिसला या, चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून केलं तर खर्च पण वाटला जातो.

आणि काजूवाल्यांनो, बी काढून बोंडू (काजूचं फळ) झाडाखाली टाकून जाऊ नका, हुर्राकसाठी (काजूच्या दारूसाठी) मळलेल्या बोंडूंचा चोथा कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला ओतू नका. आंबूस वास सुटला की डुकराला तुम्हीच जेवायला बोलावलं.

ताई, माकडांचा पिंजरा आमच्याकडे नाही, आणि गावातल्या लोहाराकडून बनवून पण घेऊ नका. आपलं टोपीवालं माकड त्याच वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, धरायचं असेल तर वनखातंच धरेल. खरं सांगू तर पाच धरून नेली तरी कळपातली बाकीची राहतातच, आणि नेलेली दुसऱ्या कुणाच्या तरी माडावर चढतात. घराला लागून असलेल्या केळीच्या घडाला गोणी बांधा, छपरावर टेकणारी फांदी छाटा, ओला कचरा झाका आणि पाहुण्यांना माकडांना बिस्किटं द्यायला बंदी घाला (हे सगळ्यात कठीण, मला माहीत आहे). एक मात्र लक्षात ठेवा, भाटात माकड मेलेलं दिसलं तर काठीनेसुद्धा हलवू नका. सत्तरीत २०१५ पासून माकडताप आहे, तो गोचिडीतून येतो आणि माकड मेलं की गोचिड आसपास पसरते. आरोग्य केंद्राला आणि रेंज ऑफिसला कळवा, आणि गड्याला त्या बाजूला पालापाचोळा गोळा करायला पाठवू नका.

झालेल्या नुकसानीचा फोटो मात्र उकरलेलं सारखं करायच्या आधी काढा, बाबा. तुम्ही पाठवलाय त्यात मळा साफ आहे, त्यावर भरपाईचा अर्ज कसा पुढे सरकणार? परत आली डुकरं तर त्याच सकाळी रेंज ऑफिसला कळवा, पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका.