वाचकांचे प्रश्न : लहान मुलांचे कॉक्लिअर इम्प्लांट

प्रश्न : आमची मुलगी एक वर्ष दहा महिन्यांची आहे. तिला जन्मतःच दोन्ही कानांनी ऐकू येत नसल्याचे 'बेरा' (आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणाऱ्या) तपासणीत निष्पन्न झाले. काही महिने श्रवणयंत्रे लावूनही दारावरच्या थापेकडे किंवा हाकेकडे ती वळत नाही. डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट सुचवले आहे. माझ्या आईचे म्हणणे असे, की आमच्या घराण्यात मुले उशिराच बोलतात आणि एवढ्याशा लेकराच्या डोक्याला ड्रिल लावू देऊ नये. पाचवे वर्ष लागेपर्यंत थांबलो तर चालेल का? शिवाय खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे.
— एक पिता, जि. लातूर

उत्तर : थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जे मूल केवळ उशिरा बोलते, ते 'चेंडू आण' म्हटल्यावर चेंडू आणते, आजोबांच्या मोटारसायकलचा आवाज आला की दाराकडे धावते. आपली मुलगी यांपैकी काही करत नसेल आणि बेरा तपासणीही तेच सांगत असेल, तर घराण्याचा दाखला येथे लागू पडत नाही. मेंदूतील ऐकण्याच्या वाटा आवाज पोहोचला तरच घडतात, आणि त्या घडण्याचा सर्वांत अनुकूल काळ साधारणपणे पहिल्या साडेतीन वर्षांचा असतो. त्यानंतर बसवलेल्या इम्प्लांटमधूनही मुलाला आवाज कळतो. परंतु तोवर जन्मापासून काहीच ऐकले नसेल, तर त्या आवाजातून बोललेल्या भाषेचा अर्थ लावणे वर्षागणिक अवघड होत जाते.

आपल्या आईंची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्यांना घेऊन सर्जनकडे जा आणि नेमके काय करणार आहेत ते त्यांच्यासमोर विचारा. ड्रिल चालते ते कानामागच्या मास्टॉइड नावाच्या हाडात. मेंदूला हात लावला जात नाही. त्या हाडातून वाट करून अंतर्कर्णातील शंखाकृती कॉक्लियामध्ये इलेक्ट्रोडची बारीक तार सरकवतात आणि तिला जोडलेला रिसीव्हर कानामागे त्वचेखाली बसवतात. बाहेर कानावर लावायचा प्रोसेसर आवाज टिपून त्याचे संकेतांत रूपांतर करतो, चुंबकाने डोक्याला चिकटणारी कॉइल ते संकेत आत पाठवते आणि इलेक्ट्रोड श्रवण-मज्जातंतूला थेट उत्तेजित करतात. श्रवणयंत्र आवाज फक्त मोठा करते. आपल्या मुलीच्या कॉक्लियातील आवाज टिपणाऱ्या केशपेशीच काम करत नसतील, तर कितीही मोठा आवाज पुढे पोहोचत नाही, म्हणून हा वेगळा मार्ग घ्यावा लागतो. पूर्ण भूल देऊन होणारी ही शस्त्रक्रिया सहसा दोन-तीन तासांची असते. चेहऱ्याच्या हालचालींचा मज्जातंतू याच वाटेजवळून जात असल्याने त्यावर मॉनिटरने लक्ष ठेवले जाते. जंतुसंसर्ग, काही दिवस चक्कर येणे आणि पुढेमागे यंत्रात बिघाड होणे हे धोके आहेत. ते सर्जनकडून पूर्ण समजून घेतल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नये.

शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅन आणि एमआरआय झाले पाहिजेत, कारण कॉक्लियाची रचना कशी आहे आणि श्रवण-मज्जातंतू मुळात आहे की नाही, हे त्यांवरून कळते. तो नसेल तर या इम्प्लांटचा उपयोग होत नाही. इम्प्लांट असलेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका थोडा अधिक असतो, त्यामुळे न्यूमोकोकल लसीचे डोस पूर्ण झाले आहेत का, हेही आताच पाहून घ्या.

खर्चाविषयी : केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाच्या 'एडिप' योजनेतून पात्र कुटुंबांतील मुलांना इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते आणि त्याचे काम मुंबईतील, वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण दिव्यांगजन संस्थेमार्फत चालते. या योजनेत जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलांसाठी वयाची अट आहे, म्हणजे पाचव्या वर्षापर्यंत थांबण्याने मेंदूतील वाटांबरोबर ही वाटही बंद होऊ शकते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाऊन कागदपत्रांची चौकशी याच आठवड्यात करा. आणखी एक सांगतो, जे फारसे कोणी आधी सांगत नाही : साहाय्य मिळाले तरी घरातली सगळी शिल्लक शस्त्रक्रियेच्या धावपळीत संपवू नका. पुढच्या वर्षांत बॅटऱ्या, केबल, कॉइल आणि थेरपीसाठीचा प्रवास यांना पैसे लागतातच, आणि केबल आणता आली नाही म्हणून प्रोसेसर कपाटात पडून राहिलेली मुले मी पाहिली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलाचे इम्प्लांट अडीचाव्या वर्षी झाले. यंत्र सुरू केले त्या दिवशी तो घाबरून रडला. मोबाइलवरच्या व्हिडिओंत दिसते तसे हसू काही आम्हाला दिसले नाही. आता चार महिने झाले. कुकरची शिट्टी झाली की तो स्वयंपाकघराकडे बोट दाखवतो, पण अजून 'आई' म्हणत नाही. वाडीतले लोक विचारतात, एवढा खर्च करून उपयोग काय झाला? शस्त्रक्रिया फसली असेल का?
— एक आई, जि. रत्नागिरी

उत्तर : ताई, शिट्टीकडे बोट दाखवणे हाच उपयोग आहे, आणि चार महिन्यांत तो चांगला आहे. आपला मुलगा वयाने तिसऱ्या वर्षाच्या आसपास असला, तरी त्याचे ऐकण्याचे वय यंत्र सुरू झाल्या दिवसापासून मोजायचे असते. चार महिन्यांच्या तान्ह्या बाळाकडून 'आई' या हाकेची अपेक्षा आपण करत नाही. पहिल्या दिवशी रडू येणे अगदी स्वाभाविक आहे. ज्याने कधी आवाज अनुभवलाच नाही, त्याच्या आत अचानक काहीतरी होऊ लागते आणि ते काय आहे हे त्याला ठाऊक नसते. हसणाऱ्या मुलांचेच व्हिडिओ पुढे पाठवले जातात, इतकेच.

सुरुवातीला प्रोसेसरमधील विद्युत-पातळ्या मुद्दाम कमी ठेवतात आणि पुढील काही महिन्यांत मॅपिंगच्या, म्हणजे या पातळ्या मुलाप्रमाणे जुळवण्याच्या, बैठकांतून त्या हळूहळू वाढवतात, त्यामुळे मॅपिंगची एकही तारीख चुकवू नका. घरी रोज सकाळी प्रोसेसर लावल्यावर एक छोटी चाचणी करा. मुलाच्या पाठीमागे बसा, म्हणजे त्याला ओठ दिसणार नाहीत, आणि नेहमीच्या आवाजात 'आ', 'ई', 'ऊ', 'म', 'श', 'स' हे सहा ध्वनी एकेक करून, मध्ये कमीअधिक थांबून उच्चारा. प्रत्येक वेळी ऐकू आले की त्याने हातातला ठोकळा डब्यात टाकायचा. आधी त्याचा हात धरून शिकवावे लागेल; काही दिवसांनी तो ठोकळा कानाशी धरून वाट पाहू लागेल. या सहा ध्वनींत बोलण्यातील खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे आवाज येतात. काल ऐकू आलेला 'स' आज येत नसेल, तर प्रथम बॅटरी, केबल आणि मायक्रोफोनचे आवरण तपासा, आणि तरीही फरक पडला नाही तर त्याच दिवशी ऑडिओलॉजिस्टना (श्रवणतज्ज्ञांना) फोन करा.

थेरपिस्टची भेट आठवड्यातून एक-दोनदा होते. बाकी सगळे ऐकणे घरातच घडते. झोप आणि अंघोळ सोडून प्रोसेसर सतत कानावर हवा. टीव्ही बंद ठेवून, जवळ बसून, जे करत आहात तेच बोला : 'तांदूळ घेतले, तांदूळ धुतले, आता कुकर लावला.' घरी जी मराठी बोलता तीच बोला. मालवणी किंवा कोकणी बोलत असाल तर तीही चालेल, फक्त मुलासाठी म्हणून अवघडलेली पुस्तकी भाषा आणू नका. 'डब्यात', 'डब्यावर', 'डब्याखाली' यांतले शेवटचे 'त', 'वर', 'खाली' आपण घाईत गिळतो आणि या मुलांना नेमके तेच हुकते, तेव्हा ते स्पष्ट म्हणा. घरात आजी असतील तर त्यांची बडबडगीते आणि ओव्या फार उपयोगी पडतात, कारण लय आणि पुनरावृत्ती दोन्ही त्यांत आपोआप येतात. 'हातवारे पूर्ण बंद करा' असे काही ठिकाणी बजावले जाते, ते मला पटत नाही. आधी बोलावे आणि मग गरज पडल्यास हाताने दाखवावे. प्रोसेसर काढल्यावर हे मूल कर्णबधिरच असते, आणि अंघोळीच्या वेळी त्याच्याशी बोलायला चार खुणा हव्यातच.

काळजी करण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. आवाज झाला की डोळा किंवा गाल फडफडणे, चुंबकाखालची त्वचा लाल होणे, आधी निघत असलेला त्याचा स्वतःचा आवाज कमी होत जाणे किंवा प्रोसेसर लावताच रोज तो उपटून टाकणे यांपैकी काही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नका. वाडीतल्यांना उत्तर देण्याची मात्र आपल्यावर कसलीही जबाबदारी नाही.

प्रश्न : नातीला इम्प्लांट होऊन दोन वर्षे झाली आणि ती छान बोलते. पावसाळ्यात यंत्राची काळजी कशी घ्यावी, आणि तिला नेहमीच्या बालवाडीत घालावे का?
— एक आजोबा, नाशिक

उत्तर : रात्री प्रोसेसर ओलावा शोषणाऱ्या कोरड्या डब्यात ठेवावा आणि त्यातील शोषक कांड्या किंवा गोळ्या वेळच्या वेळी बदलाव्यात. आतील भागाची वॉरंटी बाहेरील भागाच्या वॉरंटीपेक्षा सहसा मोठी असते. दोन्हींच्या तारखा लिहून ठेवा आणि प्रोसेसर हरवल्यास विम्यातून भरपाई मिळते का, हे विचारून घ्या. नात छान बोलत असेल, तर नेहमीची बालवाडीच योग्य. बाईंना सांगा, की तिला पुढे आणि पंख्याच्या किंवा खिडकीच्या गोंगाटापासून दूर बसवावे, आणि तिला एकदा कळले नाही तर तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगावे. पळापळ, घसरगुंडी, झोके यांना हरकत नाही. डोक्यावर थेट मार बसेल असे खेळ मात्र टाळावेत. डोक्यात चुंबक असल्यामुळे इम्प्लांट-तज्ज्ञांना विचारल्याशिवाय एमआरआय करता येत नाही, म्हणून इम्प्लांटच्या ओळखपत्राची एक प्रत तिच्या दप्तरात आणि एक शाळेच्या कार्यालयात ठेवावी.