टीम हरली, मग मुलांना मिळालं काय?

प्रश्न : ताई, माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. फुटबॉलमध्ये मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात, खेळतो. राज्याच्या शिबिरापर्यंत गेला, पण शेवटच्या यादीत नाव आलं नाही. तेव्हापासून गप्प गप्प आहे. त्याचे वडील म्हणतात, "देशाच्या सतरा वर्षांखालच्या संघाचं एवढं काय घेऊन बसलात? २०१७ ला तो संघ आपल्याच देशात तिन्ही सामने हरला. त्या मुलांचं पुढे काय झालं, कुणी विचारलं?" पुढच्या वर्षी दहावी आहे. खेळू द्यावं की थांबवावं? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या यजमानांनी विचारलेला प्रश्न चांगला आहे, म्हणून आधी तोच घेते. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्यांच्या वर्ल्ड कपमध्ये दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर आपली मुलं अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ अशी हरली. हे खरंच आहे. पण त्याच २१ जणांतले सुरेश सिंग वांगजाम, जिक्सन सिंग, अन्वर अली, रहीम अली आणि ज्याला सगळे अपुइया म्हणतात तो लालेंगमाविया, हे सगळे पुढे भारताच्या सीनियर संघातून खेळले. २०२१ च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या, स्पर्धेची फायनल आपण नेपाळविरुद्ध ३-० ने जिंकली, त्यातला दुसरा गोल सुरेशचा. तिन्ही सामने हरलेल्या बॅचमधून इतकी मुलं वर जात असतील, तर त्या संघाने आपलं काम केलं असं मी म्हणते.

तीच स्पर्धा इंग्लंडने जिंकली. कोलकात्याच्या फायनलमध्ये स्पेनविरुद्ध ०-२ ने मागे पडून ५-२. फिल फोडेन, मार्क गेही, कॉनर गॅलाघर ही त्या संघातली मुलं २०२४ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडच्या सीनियर संघात होती. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे आठ गोल मारणारा ऱ्हियन ब्रूस्टर मात्र युरोच्या संघात नव्हता. जगज्जेत्यांच्या संघातूनही थोडेच वर जातात, आणि कोण जाणार हे सतराव्या वर्षीच्या गोलांवरून सांगता येत नाही. २००७ ची स्पर्धा घ्या. तिथे सर्वोत्तम खेळाडू ठरला जर्मनीचा टोनी क्रूस, आणि सर्वाधिक गोल होते नायजेरियाच्या मकॉली क्रिसँटसचे. चषकही नायजेरियानेच नेला. क्रूस २०१४ ला वर्ल्ड कप जिंकला. क्रिसँटस जर्मनीच्या हॅम्बुर्ग क्लबात गेला खरा, पण त्यानंतर एका क्लबातून दुसऱ्या क्लबात फिरत राहिला.

मग अशा संघात मुलांना मिळतं काय? कोलंबियाच्या सामन्यातली दोन मिनिटं सांगते. ८२ वा मिनिट, आपण ०-१ ने मागे. संजीव स्टालिनने कॉर्नर घेतला, जिक्सन गर्दीतून उंच उठला आणि हेडर जाळ्यात. फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल. स्टेडियम दणाणून गेलं, पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. मध्यावरून खेळ पुन्हा सुरू झाला आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाच्या पेनालोसाने आपल्या जाळ्यात बॉल मारला. अंग अजून आनंदात होतं, आणि तेवढ्यात मॅच गेली. मी गोलकीपर होते, त्यामुळे गोल झाल्यानंतरचा मिनिट किती घातकी असतो हे मला चांगलं माहीत आहे. पण आपल्याकडच्या वयोगटाच्या सामन्यांत हे शिकायला मिळत नाही, कारण इथे गोल झाला की बहुतेक वेळा समोरचा संघ मान टाकतो. मान न टाकणारा संघ समोर आल्याशिवाय हा धडा अंगात मुरत नाही. देशाचा वयोगटाचा संघ असतो तो यासाठी: त्या वयातला सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी मुलांसमोर उभा करायचा, आणि त्यांची कमतरता त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यायची.

पण संघाचं काम इथपर्यंतच. पुढचं काम दर आठवड्याच्या मॅचचं, आणि याबद्दल मला तळमळीने बोलायचं आहे. २०१७ ची बॅच तरली त्यामागे इंडियन ॲरोज हा संघ आहे. वर्ल्ड कप संपल्यावर भारताच्या फुटबॉल फेडरेशनने त्यातली बरीच मुलं एकत्र ठेवून आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या मोठ्या क्लबांच्या लीगमध्ये, उतरवली. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० ने हरवलं आणि त्यातले दोन गोल तुमच्याच कोल्हापूरच्या, पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या अनिकेत जाधवचे! मोसमाअखेर संघ तळाला राहिला. राहू दे. १८ सामने ही पोरं पंचविशी-तिशीतल्या, दणकट, अनुभवी खेळाडूंशी भिडली, धक्के खाल्ले, परत उभी राहिली. २०२२ मध्ये तो संघ बंद करून मुलांच्या लीगवर भर द्यायचं ठरलं. लीग हव्यातच. पण सतरा ते एकवीस या वयात तयार माणसांविरुद्ध पूर्ण नव्वद मिनिटं खेळायची हमी त्या संघात होती, आणि ती काढून घेणं मला आजही पटलेलं नाही. मोठ्या क्लबांत स्ट्रायकर आणि सेंटर बॅकच्या जागा बहुतेक परदेशी खेळाडूंकडे जातात. आपला पोरगा करारावर सही करतो, फोटो छापून येतो, आणि मोसमभर बाकावर बसतो.

आता तुमच्या मुलाबद्दल. पंधराव्या वर्षी यादीतून नाव जाणं म्हणजे दार बंद होणं नाही. इंग्लंडच्या जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी शेफिल्ड वेन्सडे या क्लबने सोडून दिलं होतं. तो खालच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि २०१६ ला लेस्टरबरोबर प्रीमियर लीग जिंकला. प्रत्येक मुलाचं असं होत नाही, हे त्यालाही मोकळेपणी सांगा. आत्ता त्याला शिबिरांपेक्षा मॅच हव्यात. नावाजलेल्या ॲकॅडमीच्या बाकापेक्षा, मोसमात वीस-पंचवीस पूर्ण मॅच देणारा साधा संघ मी निवडेन. आणि एक गोष्ट तुम्ही स्वतः बघा. पुढच्या मॅचला लाइनवर उभ्या राहा आणि बॉलकडे न बघता मुलाकडे बघा. पास त्याच्याकडे येत असताना तो मान वळवून मागे पाहतो का? एकदा पाहतो की दोनदा? मिडफिल्डरच्या बाबतीत निवड करणारे हेच बघतात. ज्याने आधीच पाहिलं आहे तो पहिल्या टचलाच वळतो. ज्याने पाहिलं नाही तो बॉल मागे देतो. ही सवय घरच्या मैदानावर, शिबिराशिवाय लागते.

दहावीचा क्लास लावा. संध्याकाळचा सराव मोडणार नाही अशी वेळ मागून घ्या, एवढंच.

प्रश्न : माझी मुलगी डिसेंबरअखेर जन्मलेली. तिच्या गटात ती सगळ्यांत किरकोळ दिसते. तिला निवडत नाहीत, याचा जन्मतारखेशी संबंध असेल का? (एक बाबा, नाशिक)

उत्तर : असू शकतो. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे जानेवारीतली मुलगी आणि तुमची मुलगी यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असूनही दोघी एकाच रांगेत उभ्या राहतात. जगभरच्या वयोगटाच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी दिसते. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा कमी आहे, पण आहे. बेल्जियमच्या फेडरेशनने यावर चांगला उपाय काढला: उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवर वेगळे संघच ठेवले. आपल्याकडे तसं व्हावं ही माझी मनापासूनची मागणी आहे. तोवर तिचा पहिला टच आणि दोन्ही पाय तयार करा. किरकोळ मुलीला धक्का चुकवून खेळावं लागतं, आणि ते कसब उंची वाढल्यावरही तिच्याकडे राहतं. जाणकाराच्या देखरेखीशिवाय वजन उचलायला लावू नका.

प्रश्न : कोच म्हणतात, नवा जन्मदाखला काढा, मुलगा दोन वर्षांनी लहान दाखवू, निवड पक्की. बाकीचे सगळे करतात म्हणे. (नाव नको)

उत्तर : अजिबात करू नका. सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला फिफाने २००९ पासून वय तपासायला मनगटाचा एमआरआय सुरू केला आहे, आणि हाडं दाखला वाचत नाहीत. पकडला गेला तर बंदी येईल. पण पकडला नाही गेला तरी मुलाचंच नुकसान आहे. सतरा वर्षांचा पोरगा पंधराच्या मुलांत नुसत्या अंगाच्या जोरावर जिंकतो, त्यामुळे बॉल लपवायला, आधी विचार करायला तो शिकतच नाही. पुढे सगळ्यांची अंगं सारखी झाली की त्याच्याकडे काहीच उरत नाही. अशी मुलं मी शिबिरांत पाहिली आहेत. विसाव्या वर्षी ती मैदानावर नसतात. शिवाय ज्याची जागा तुमच्या मुलाने घेतली, तो खरा पंधरा वर्षांचा मुलगा घरी बसतो.

मुलाला त्या कोचकडून काढून घ्या, आणि जिल्हा संघटनेला लेखी कळवा. तोंडी सांगून काही होत नाही.