आधी कर्जमुक्ती, मग चीवर

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांचं वय 51, खाजगी कंपनीत 24 वर्षं नोकरी, पगार हातात 70 हजार. पुढच्या बुद्धपौर्णिमेआधी राजीनामा देऊन प्रव्रज्या, म्हणजे घर सोडून भिक्खुसंघात जाण्याची दीक्षा, घ्यायची त्यांची इच्छा आहे. पीएफ 26 लाख, ग्रॅच्युइटी साडेपाच लाख आणि 5 लाखांची एफडी होती. त्यातले 3 लाख मोडून बँकेतल्या मॅडमनी सुचवलेल्या ‘हमखास उत्पन्न’ पॉलिसीचा पहिला हप्ता भरला आहे. असे सात हप्ते भरायचे, मग उत्पन्न सुरू. पॉलिसीचे कागद 12 दिवसांपूर्वी घरी आले. त्यांचा प्रश्न एवढाच, की हे उत्पन्न विहारातल्या खर्चाला पुरेल का?

पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं, हेही लिहिलं आहे: घरकर्ज 14 लाख बाकी, हप्ता 19 हजार, ‘तो पत्नी बघेल’. मुलीच्या लग्नासाठी घेतलेल्या कर्जाचे 3 लाख बाकी, त्याचा हप्ता 10 हजार. पत्नी 46 वर्षांच्या, अंगणवाडी सेविका, मानधन 13 हजार. हप्ते सोडून घरखर्च 28 हजार. मुलगा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. आई 78 वर्षांच्या, त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

सप्रेम जयभीम. तुमच्या इच्छेबद्दल मला आदर आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो.

पॉलिसी आजच्या आज रद्द करायला टाका. कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते आणि किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात. ज्याचा पगार थांबणार हे माहीत आहे, त्याच्या गळ्यात सात वर्षांचे, एकूण 21 लाखांचे हप्ते बांधणं याला मी सल्ला म्हणत नाही. अशा योजनांचा परतावा हिशेबाला बसलं की पाच-सहा टक्क्यांवर येतो. तुमचं घरकर्ज नऊ टक्क्यांनी चाललंय. नवाने घेऊन सहाने गुंतवायचं, हे कुठल्याच वहीत बसत नाही.

आणि विहारातल्या खर्चासाठी उत्पन्न कशाला? श्रामणेराच्या, म्हणजे नवदीक्षिताच्या, दहा शीलांपैकी दहावं शील सोनं-रुपं न स्वीकारण्याचं आहे. भिक्खूच्या 227 नियमांतही पैसा घेण्याला बंदी आहे. तीन चीवरं (भिक्खूची वस्त्रं), पात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचं फडकं या अष्टपरिष्कारांना पेन्शन लागत नाही. चीवर, जेवण, औषधपाणी उपासक पाहतात. पैसे लागणार आहेत ते कन्नमवार नगरातल्या तुमच्या घरात.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. उपसंपदेच्या, म्हणजे भिक्खू होण्याच्या पूर्ण दीक्षेच्या वेळी उमेदवाराला संघासमोर प्रश्न विचारतात. कुष्ठ, अपस्मार असे पाच रोग आहेत का, वीस वर्षं पूर्ण आहेत का, पात्र-चीवर आहे का, राजाच्या चाकरीत तर नाहीस ना. त्यातच एक प्रश्न आहे, ‘अनणोसि?’ म्हणजे, तू ऋणमुक्त आहेस का?

यामागची हकिकत विनयपिटकाच्या, म्हणजे संघाच्या नियमांच्या ग्रंथाच्या, महावग्ग या भागात आहे. एक कर्जदार भिक्खूंमध्ये जाऊन प्रव्रजित झाला. सावकारांनी त्याला पाहिलं, ओळखलं आणि धरायला निघाले. तेव्हा त्यांच्यातलेच काही म्हणाले, याला हात लावता येणार नाही, प्रव्रजितांना कुणी काही करायचं नाही असा बिंबिसार राजाचा हुकूम आहे. लोक चिडले. कर्ज बुडवून येणाऱ्याला हे श्रमण आसरा कसा देतात, अशी कुजबुज सुरू झाली. त्यावर भगवंतांनी नियम केला की कर्जदाराला प्रव्रज्या द्यायची नाही.

तुमच्यावर 17 लाख आहेत. ‘पत्नी बघेल’ म्हणजे 13 हजार मानधनातून 29 हजारांचे हप्ते, घरखर्च वेगळा. हे त्यांना विचारून लिहिलंय का? तुम्ही चीवर घेतलंत म्हणून बँक वसुली थांबवणार नाही. त्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर आज तुम्हाला ‘नाही’ म्हणावं लागेल, आणि संघासमोर खोटं बोलून तुम्ही आत जाणार नाही याची मला खात्री आहे.

दुसरा प्रश्न आईचा. ‘अनुञ्ञातोसि मातापितूहि?’, आईवडिलांची अनुज्ञा आहे का? हा प्रश्न 51 वर्षांच्या माणसालाही असतो. राहुलला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदन राजा बुद्धांकडे आला आणि म्हणाला, मुलाची माया कातडी छेदते, मांस छेदते, हाडं छेदून मज्जेपर्यंत जाते, यापुढे आईबापांच्या अनुज्ञेशिवाय कुणाला घेऊ नका. तो नियम तिथून आला. आईला कळायला नको म्हणून तुम्ही थांबला असाल, तर तिला बातमी बाहेरून कळू देऊ नका. पत्नीची संमती या प्रश्नांत नाही, पण आपला कायदा तिची बाजू ओळखतो: बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराने संन्यास घेणं हे घटस्फोटाचं कारण आहे.

आता आकडे. बुद्धपौर्णिमेला निघालात, तर पीएफ-ग्रॅच्युइटीचे साडेएकतीस आणि पॉलिसीचे परत येणारे धरून एफडीचे पाच मिळून साडेछत्तीस लाख. कर्जाचे 17 गेले. मुलाच्या शिक्षणाचे 4, आईच्या आजारपणासाठी 3 बाजूला, कारण राजीनाम्याबरोबर कंपनीचा मेडिक्लेमही जातो. उरले साडेबारा लाख. घरात दरमहा 15 हजार कमी पडतात. महागाई धरली तर हे पैसे सातेक वर्षं पुरतील. तेव्हा पत्नी 53-54 च्या असतील. पीएफबरोबरची ईपीएस पेन्शन तुमच्या 58 व्या वर्षी सुरू होईल, पण ती थोड्याच हजारांची.

हाच हिशेब चार वर्षांनी मांडू. पॉलिसीचे पैसे परत आले की त्यातून लग्नाचं 3 लाखांचं कर्ज लगेच फेडा आणि सुटलेला 10 हजारांचा हप्ता घरकर्जात जादा भरा. चार वर्षांनी घरकर्ज साडेतीन लाखांच्या आसपास राहील. पीएफ आजच्या व्याजदराने 40 लाखांवर जाईल, ग्रॅच्युइटी साडेसहा लाख. मुलगा शिकून कमावता झालेला असेल. आईसाठी 3 लाख बाजूला ठेवूनही पत्नीच्या हाती 40 लाख राहतात. साडेबारा आणि चाळीस. तुमच्या चार वर्षांची ही किंमत आहे.

तेव्हा त्यातले 9 लाख त्यांच्या नावे पोस्टाच्या मासिक योजनेत टाका, सध्याच्या दराने महिन्याला साडेपाच हजार मिळतात. बाकीचे एफडीत आणि थोडे इंडेक्स फंडात. घर तुमच्या नावावर असेल तर त्यांना बक्षीसपत्र करून द्या. राहतं घर पत्नीला देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, इतर शुल्क वेगळं.

चार वर्षं वाया जातील असं समजू नका. सुट्टी घेऊन दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला बसा, मग एखादा वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, भन्तेंजवळ (भिक्खूंजवळ) राहून पाहा. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी 1902 साली श्रीलंकेत श्रामणेर झाले, पुढे चीवर सोडून संसारात परतले आणि फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. परतण्यात कमीपणा नाही, पण सोडलेली नोकरी 51 व्या वर्षी पुन्हा मिळत नाही. विनयात वयाची वरची मर्यादा नाही. काही विहार मात्र आपापली ठरवतात, तेवढं तुमच्या भन्तेंना आत्ताच विचारून ठेवा.

पॉलिसी परत करताना अर्जावर तारीख आणि शिक्का असलेली पोच घ्या. ‘मार्केट चढलंय, थांबा’ असं मॅडम म्हणतील. थांबू नका, तुमच्याकडे 18 दिवस आहेत.