ट्रिगर मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक? त्याआधी तो मोजायला शिका

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला आणि नऊ वर्षांपूर्वीचा मीच समोर दिसलो. खारघरला राहता, वय अडतीस, सहा महिने रेंजच्या पिस्तुलावर दहा मीटर एअर पिस्तूल (दाबलेल्या हवेवर चालणारं, दहा मीटरवरच्या कार्डावर नेम धरायचा प्रकार) मारताय आणि आता स्वतःचं घ्यायचंय. सिंगल ॲक्शन, डबल ॲक्शन, स्ट्रायकर, टू-स्टेज, इलेक्ट्रॉनिक असे सगळे शब्द एकदम अंगावर आलेत. त्यात दुकानदाराने सांगितलंय, "ट्रिगर जेवढा हलका, तेवढा स्कोअर वर." हे वाक्य वाचलं आणि गप्प बसवेना. मलाही हेच सांगितलं गेलं होतं. मी विश्वास ठेवला आणि त्यात माझं एक वर्ष गेलं.

मी कोच नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, नोकरी करतो, आठवड्यातून तीन दिवस रेंजवर जातो. खाली लिहितोय ते माझ्या हाताचं आणि माझ्या बोटाचं आहे. तुमच्या कोचचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. डबल ॲक्शन आणि स्ट्रायकर हे तुम्ही अमेरिकन व्हिडिओंतून घेतलेत. तिथे लोक नाइन एमएमची पिस्तुलं घेऊन हौसेने रेंजवर जातात, त्यांच्यासाठी हा प्रश्न खरा आहे. सिंगल ॲक्शनमध्ये घोडा (हॅमर) आधीच चढवलेला असतो, चापाने, म्हणजे बोटाने ओढायच्या ट्रिगरने, तो फक्त सोडायचा. डबल ॲक्शनमध्ये चाप ओढता ओढताच घोडा मागे जातो आणि सुटतो, म्हणून ओढ लांब आणि जड. रिव्हॉल्व्हरला ती चार-पाच किलोपर्यंत जाते. ग्लॉकसारख्या स्ट्रायकर पिस्तुलाला बाहेर घोडाच नसतो, आणि ओढ या दोन्हींच्या मधली, अडीच किलोच्या आसपास. आपल्या दहा मीटरच्या मॅच पिस्तुलात ही निवड करावीच लागत नाही. लोडिंग लिव्हर उघडला की ट्रिगर कॉक होतो (सुटायला तयार होतो), पेलेट, म्हणजे छोटी गोळी, ठेवून लिव्हर बंद केला की चापाला फक्त सोडायचं काम उरतं.

तुम्ही फोटो टाकलाय ते सीओटू गॅसवर चालणारं, हुबेहूब खऱ्यासारखं दिसणारं पिस्तूल घेऊ नका. त्याचा लांब, खरखरीत डबल ॲक्शन ट्रिगर ओढून बोटाला जी सवय लागते ती पुढे मोडताना जीव जातो. शिवाय तसली वस्तू पिशवीत घेऊन हार्बर लाइनच्या लोकलने फिरणं हा वेगळाच ताप.

उरला खरा प्रश्न: मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक. मेकॅनिकलमध्ये धातूवर धातू अडकलेला असतो आणि चाप तो सरकवतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये चाप म्हणजे फक्त एक स्विच, पुढचं काम सर्किट आणि सोलेनॉइड करतात. त्यामुळे प्रत्येक वेळी स्पर्श अगदी सारखा, घासणं नाही, झीज नाही. मॉरिनी, स्टायर अशा कंपन्यांची दोन्ही प्रकारची मॉडेल्स आहेत आणि दोन्ही प्रकारांवर लोकांनी मोठमोठे स्कोअर मारलेत. इलेक्ट्रॉनिक वाईट असं मी म्हणणार नाही, पण पहिलं पिस्तूल म्हणून घेऊ नका असं नक्की म्हणेन. २५ जुलै २०२१ ला टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन मॅचमध्ये बिघाड झाला, तेव्हा इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची चर्चा घरोघरी झाली. दुरुस्तीत पंधरा मिनिटांहून जास्त वेळ गेला, तरी तिने ६०० पैकी ५७५ मारले आणि दोन गुणांनी फायनल हुकली. तिच्यासोबत कोच होते, पर्यायी पिस्तूल होतं. तुमच्या-माझ्यासोबत कोण असणार? शिवाय आपल्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबर ठाण्यात कपाटातल्या चामडी चपलांवर बुरशी चढते. आमच्या रेंजवरच्या एका काकांच्या पिस्तुलात बॅटरीच्या जागी हिरवट थर आला होता, आणि सुटा भाग मागवून येईपर्यंत त्यांचा अख्खा सीझन गेला.

आता माझी चूक सांगतो.

मी जुनं पण उत्तम स्थितीतलं, मेकॅनिकल टू-स्टेज (दोन टप्प्यांत ओढायच्या) ट्रिगरचं पिस्तूल घेतलं. वस्तू चांगलीच होती, आजही तेच वापरतो. ज्या दुकानातून घेतलं त्याचं नाव लिहिणार नाही, विचारू नका. तिथल्या माणसाला मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "पाचशेच्या काठावर आणून द्या, जेवढा हलका होईल तेवढा करा." दहा मीटरला चापाने किमान ५०० ग्रॅम वजन न सुटता पेललं पाहिजे असा नियम आहे, तो मला पाठ होता. त्याने आतून स्क्रू फिरवले, स्प्रिंगचा काटा चापाला अडकवला, ओढला आणि मला दाखवला: ५२०. "वीस ग्रॅम वरच आहे, बिनधास्त जा."

त्याने काटा चापाच्या अगदी वरच्या टोकाला, बिजागरीजवळ अडकवला होता. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि त्याचा अर्थ मला कळला नाही. दाराचं उदाहरण घ्या. बिजागरीजवळ ढकललं तर दार जड लागतं, कडीजवळ ढकललं तर हलकं. चापाचंही तसंच. वर मोजलं की आकडा फुगतो. स्पर्धेत वजन चापाच्या साधारण मध्यावर लावतात. म्हणजे जो ट्रिगर वर मोजून ५२० दिसला, तो मध्यावर ५०० च्या खालीच होता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे पिस्तूल नियमात बसतं का ते तपासण्याच्या, टेबलावर माझी पाळी आली. तिथे काटा नसतो, ५०० ग्रॅमचं वजन असतं. पिस्तूल कॉक करायचं, नळी सरळ छताकडे, वजनाची कड चापावर अडकवायची आणि सावकाश उचलायचं. वजन टेबलावरून सुटून अधांतरी राहिलं पाहिजे आणि ट्रिगर सुटता कामा नये. माझं वजन पुरतं उचललंही गेलं नव्हतं, तोवर 'टक्' झालं. दुसऱ्यांदा, टक्. तीनदाच उचलू देतात. तिसऱ्यांदा माझा हातच इतका थरथरत होता की वजन घड्याळाच्या लंबकासारखं हललं. टक्.

ट्रिगर नीट करून पुन्हा आणायची मुभा असते. पण माझ्याकडे ना ॲलन की, ना मॅन्युअल. बाजूच्या एका मुलीने तिची की दिली. मी घाईत जो स्क्रू फिरवला तो वजनाचा नव्हता, सेकंड स्टेजचा होता. वजन काही वाढेना म्हणून आणखी फिरवला. मग कोणीतरी बरोबर स्क्रू दाखवला, तो आवळला, आणि वजन उचललं गेलं. पिस्तूल पास झालं, पण ट्रिगर मोडला होता.

मोडला म्हणजे काय, ते सांगतो, कारण तुमच्या निवडीचा गाभा इथेच आहे. टू-स्टेज ट्रिगरमध्ये ओढीचे दोन टप्पे असतात. माझ्या आजच्या सेटिंगमध्ये पहिला टप्पा साधारण चारशे ग्रॅमचा: बोट सरकतं, वजन घेतं आणि एका भिंतीला टेकतं. ती भिंत बोटाला स्पष्ट कळते. तिथे थांबून फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची माशी) नीट बघायची आणि उरलेले सव्वाशे-एक ग्रॅम हळूहळू वाढवत न्यायचे. शॉट सुटतो. मी त्या स्क्रूने ती भिंतच काढून टाकली होती. चाप सरकत राहायचा आणि कुठेतरी, कधीतरी सुटायचा. सायटिंगमध्येच, म्हणजे स्कोअर न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या शॉटमध्ये, दोन शॉट हात खाली येताना, कार्डावरच्या काळ्या वर्तुळात शिरायच्या आधी सुटले. त्यानंतरच्या साठ शॉटमध्ये मी नेम धरत नव्हतो, स्फोटाची वाट बघत होतो. सरावात ६०० पैकी ५४५च्या आसपास मारणारा मी, त्या दिवशी ५१९ वर थांबलो. पुढच्या स्पर्धेसाठी लागणारा स्कोअर हुकला, म्हणजे थेट पुढचं वर्ष.

त्याहून जास्त नुकसान नंतर झालं. भिंत पुन्हा नीट बसवून घेतली तरी बोटातली भीती जाईना. चाप पहिल्या टप्प्याला टेकला की मनगट आपोआप आवळायचं आणि शॉट खाली डावीकडे जायचा. सात महिने लागले. पांढऱ्या कोऱ्या कार्डावर, काळं वर्तुळच नाही अशा कागदावर, रोज चाळीस शॉट आणि घरी भिंतीसमोर ड्राय फायर, म्हणजे गोळी न घालता चाप ओढण्याचा सराव. बायको म्हणायची, भिंतीला एवढं काय सांगतोयस?

त्या दुकानात तीनदा गेलो. पहिल्यांदा उत्तर मिळालं, "आमच्याकडून गेलं तेव्हा ५२० होतं, तुम्ही बघितलंत." दुसऱ्यांदा, "स्क्रू तुम्ही फिरवलेत, आता जबाबदारी आमची नाही." तिसऱ्यांदा साहेब आत असूनही बाहेर गेलेत म्हणून सांगितलं. बिलावर सेटिंगचे पैसे वेगळे लावले होते, आकडा मात्र कुठेच लिहिला नव्हता. काटा वर अडकवला होता हे मला तेव्हा कळलं असतं तर तिथेच बोललो असतो. तेवढ्यासाठी तुम्हाला एवढं लांबलचक लिहितोय. दुकानात गेलात की चापाच्या मध्यावर, वजन लटकवून मोजायला सांगा, आणि आकडा बिलावर लिहून घ्या. नाही म्हणाले तर उठा.

तर माझं मत: मेकॅनिकल, टू-स्टेज, दोन्ही टप्पे वेगवेगळे सेट करता येणारा ट्रिगर घ्या. सिंगल-स्टेज (एकाच टप्प्याचा) ट्रिगर आवडणारे चांगले शूटर आहेत, मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही, पण भिंत नसलेला ट्रिगर मी एक दिवस भोगलाय. एकूण वजन ५२० ते ५४० ठेवा. काठावर ठेवू नका, कारण धूळ, तेल आणि झीज यांनी पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होतातच. शॉट सुटल्यावर चाप पुढे फार सरकू नये यासाठी स्टॉपचा स्क्रू असतो, तो कोचकडून लावून घ्या.

आणि हलक्याच्या मागे लागू नका. २५ मीटरच्या पिस्तुलाला नियमाने किमान १००० ग्रॅम लागतात, आपल्या दुप्पट. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्याच प्रकारात सुवर्ण घेतलं. उलट ५० मीटरच्या फ्री पिस्तुलाला ट्रिगरच्या वजनाची मर्यादाच नव्हती, नुसत्या स्पर्शाने सुटणारे ट्रिगर लोक लावायचे, आणि तरी दहाचं वर्तुळ कोणालाही फुकट मिळालं नाही. बोट सरळ मागे येतं की नाही, हा प्रश्न वजनाच्या आधीचा आहे. आपल्या कार्डावर दहाचं वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचं. बोटाच्या पेराऐवजी टोकाचा मऊ भाग चापावर येतोय का, ते आधी बघा. चाप पुढेमागे सरकवता येतो, ग्रिप घासून घेता येते. तुमचा हात लहान असेल तर ट्रिगरच्या प्रकारापेक्षा याने जास्त फरक पडेल.

इतर थोडं. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, पण बिल आणि ओळखपत्र कायम केसमध्येच ठेवा. लोकलने जाताना एकदा मला उघडून दाखवावं लागलंय. पॉइंट टू-टू चा (.२२ बोअरच्या, काडतुसाच्या पिस्तुलाचा) विचार आत्ता करू नका, त्याचा परवाना हा निराळा प्रवास आहे. जुनं घेताना पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा, साधारण दहा वर्षांची मुदत असते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बदला. पेलेट शिशाचे असतात, रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.

घ्यायच्या आधी महिनाभर तरी वेगवेगळ्या लोकांची पिस्तुलं मागून मारून बघा. शूटर मंडळी सहसा नाही म्हणत नाहीत. त्या दिवसानंतर मी स्वतःचं ५०० ग्रॅमचं वजन बनवून घेतलं. पितळेचा गोळा आणि वर आडवी कड, कोलशेतच्या एका लेथवाल्याने करून दिला, घरच्या अचूक काट्यावर तोलून घेतला. माझ्या केसमध्ये तो कायम असतो. रविवारी सकाळी मी वरळीच्या रेंजवर असतो. रेंजचं जे पिस्तूल सध्या वापरताय ते घेऊन या, आधी त्याचाच ट्रिगर लटकवून बघू.