सेकंडहँड मॅच पिस्तुलात बाहेरची ट्रिगर किट टाकायची का? (सविस्तर उत्तर)

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. बहीण अकरावीत आहे, दर्यापूरकडच्या गावात घरच्याच टिनाच्या शेडमध्ये १० मीटर एअर पिस्तूल मारून राहिली, पिस्तूल सेकंडहँड स्टेअर एलपी १० आहे, ट्रिगर जड लागतो अन् घासत येतो असं ती म्हणते. तुला एकाने बाहेरची, म्हणजे दुसऱ्या कंपनीची, ट्रिगर किट टाक म्हटलं, दुसऱ्याने हे विकून सरळ इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवालं घे म्हटलं. वरून काकांच्या लायसनच्या .३२ रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग हलकी करता येईल का हेही विचारलं. माझं उत्तर आधी सांगून टाकतो: आत्ता काहीच विकत घेऊ नको. त्या पिस्तुलाचा जो ट्रिगर आहे तो नीट सेट केलेला नाही एवढंच मला दिसून राहिलं, आणि सेट करायला पैसे लागत नाही, एक चांगली बारीक ॲलन की, अर्धा किलो वजन अन् एक निवांत दुपार लागते.

आता जड ट्रिगरचं पाहू. १० मीटर एअर पिस्तुलात आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा पाहिजे, जिल्ह्यापासून नॅशनलपर्यंत सगळे हाच नियम धरतात. म्हणजे तू कितीही महागाची किट आण, मॅचमध्ये ५०० च्या खाली जाताच येत नाही. मग हलकेपणा विकत घ्यायचा कशाले? यूट्यूबवर जे ट्रिगर अपग्रेडचे व्हिडिओ आहेत ते बहुतेक अमेरिकेतल्या ग्लॉकसारख्या सर्व्हिस पिस्तुलाचे असतात, तिथे कंपनीचा ट्रिगर अडीच किलोच्या आसपास असतो अन् तो दीड-पावणेदोन किलोवर आणला की लोक खूश होतात. आपली वस्तूच वेगळी आहे. २५ मीटर .२२ पिस्तुलात सुद्धा १००० ग्रॅमची अट आहे. फक्त ५० मीटर फ्री पिस्तुलाला खालची मर्यादा नव्हती आणि तो प्रकार रिओ २०१६ नंतर ऑलिंपिकमधून गेला. त्या व्हिडिओंवरून आपल्या पिस्तुलाचा हिशोब लावायचा नाही.

बहिणीला जड लागतो ना, तर आधी तो खरंच किती आहे ते मोज. इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे मॅचमध्ये पिस्तूल तपासतात तिथे, कसं मोजतात ते समजून घे. नळी सरळ उभी धरतात, ट्रिगरच्या मधोमध वजन अडकवतात अन् ते टेबलावरून हळू वर उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटला नाही पाहिजे. तीन वेळा संधी मिळते. आणि हवेच्या पिस्तुलात हे सगळं सिलेंडर चालू ठेवून, हवा भरून करायचं असतं, रिकाम्या पिस्तुलाचं माप धरत नाहीत. मॅच झाल्यावर कोणालाही बोलावून पुन्हा चेक करतात, तेव्हा वजन उचललं नाही तर पोरगी सरळ बाद होते, मग स्कोअर काही असो. घरी त्यासाठी वेगळं सामान नको. छोट्या बाटलीत साखर भर, वर जाड तारेची कडी बांध, किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बाटली-तारेसकट ५२० ग्रॅम कर. ट्रिगर नेमका ५०० ग्रॅमवर कधीच ठेवू नको, आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री अन् डिसेंबरला सकाळी हात काकडतात, त्यात प्रवासात पिस्तूल हादरते, वीसेक ग्रॅम हातचे ठेवलेले बरे. माझ्या शेडमध्ये पोरं येतात त्यांचे जड लागणारे ट्रिगर मोजले की बरेचदा सहाशे-साडेसहाशे निघतात, आधीच्या मालकाने काहीतरी फिरवून ठेवलेलं असते. सेकंडहँडमध्ये हे हमखास.

आता घासत येणं. खरी गोष्ट इथे आहे आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे. मॅच पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा म्हणजे बोट मागे येते, स्प्रिंगचा हलका दाब जाणवते, मग एका जागी येऊन थांबते, तिला आम्ही भिंत म्हणतो. भिंतीवर आणखी थोडा दाब दिला की शॉट सुटते. चांगल्या ट्रिगरमध्ये भिंतीनंतर बोट हललेलं कळतच नाही. तुझ्या बहिणीला जे घासल्यासारखं लागते ते भिंतीनंतरचं सरकणं आहे, आतले दोन पकडीचे भाग एकमेकांवर जास्त चढलेले आहेत म्हणून सुटायच्या आधी ते लांबवर सरकतात. निशाणा धरलेला असताना बोट असं सरकत राहिलं की मेंदूला कळत नाही आता सुटेल का मग सुटेल, अन् पोरगी शेवटी कंटाळून दाबून टाकते. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे भाऊ, तेवढ्या दाबण्यात शॉट आठात जाते.

तर त्या पिस्तुलाच्या मॅन्युअलची पीडीएफ काढ, त्यात कोणता स्क्रू कशाचा ते चित्रासकट असते. साधारण पाच गोष्टी फिरवता येतात, पहिल्या टप्प्याचं वजन, त्याची लांबी, दुसऱ्या टप्प्याचं वजन, दुसऱ्या टप्प्याची पकड, आणि सुटल्यावर ट्रिगर किती मागे जावा त्याचा स्टॉप. हात लावायच्या आधी प्रत्येक स्क्रू आत्ता कुठे आहे ते नेलपॉलिशच्या बारीक ठिपक्याने खूण करून ठेव आणि मोबाईलवर फोटो काढ. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा, मग वहीत लिही, मग रिकाम्याने दहा-बारा वेळा दाबून पाहा. पकडीचा स्क्रू फिरवताना लय सांभाळून, कारण पकड फारच कमी झाली तर ट्रिगर केसावर येतो, नुसत्या धक्क्याने सुटते. तपासायचं कसं तर छर्रा न घालता कॉक कर, नळी पेलेट ट्रॅपकडे (छर्रे अडवणाऱ्या पेटीकडे), अन् हाताच्या तळव्याने ग्रिपवर चांगली थाप मार. सुटलं तर पकड वाढव, तिथे दुसरा विचार नाही. हे सगळं मोठ्या माणसाने करायचं, बहिणीने बाजूला बसून पाहायचं अन् समजून घ्यायचं, कारण पुढे तिलाच करायचं आहे.

वजन दोन टप्प्यांत कसं वाटायचं यावर शूटर लोकांत कायम वाद असतो. खूप जण पहिल्या टप्प्यात ३५०-४०० अन् दुसऱ्यात १००-१५० ठेवतात, त्याने शॉट एकदम अलगद जाते. मी मात्र नवीन पोरांना पहिल्यात ३०० च्या आसपास अन् दुसऱ्यात २०० च्या थोडं वर देतो. काऊन तर नवीन पोरांना भिंत ठळक लागली पाहिजे. भिंतच पुसट असली तर मॅचच्या टेन्शनमध्ये पहिल्या टप्प्यातच शॉट निघून जाते. पुढे बोट तयार झालं की हळूहळू वजन पहिल्या टप्प्याकडे सरकवायचं. स्टॉप असा ठेव की सुटल्यावर ट्रिगर जेमतेम थांबेल, पण इतका जवळ नको की सुटायच्याच आड येईल.

अजून एक, आपल्या भागाचं. तू म्हणतो शेड घराला लागून आहे, मग भाव यायची वाट पाहत कापूस घरातच पडून असेल. त्याचा तंतू हवेत असते, दिसत नाही पण बसते. वर कोणी आत मशीनचं तेल सोडलं असेल तर तो तंतू अन् धूळ त्यात चिकटून काळा लेप होतो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी 'खराब' ट्रिगरमध्ये बिघाड म्हणजे फक्त हाच लेप होता. मॅन्युअलमध्ये लिहिलं तिथेच, तेवढंच वंगण द्यायचं, बाकी कोरडं. मऊ ब्रशने झाड, फूंक मारू नको, तोंडातली वाफ जाते. पिस्तूल पेटीत ठेव, पेटी कापसाच्या खोलीत नको. सिलेंडर उन्हात किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवायचं नाही हे तर तुला माहीतच असेल, त्यात २०० बार हवा असते.

एवढं करून पाहा, माझा अंदाज आहे निम्म्याहून जास्त तक्रार इथेच जाईल. उरलेली बहुधा ग्रिपची असेल. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर मधोमध आलं पाहिजे अन् बोटाची बाजू ग्रिपच्या लाकडाला लागायला नको. लागत असेल तर दाबताना लाकूडही ढकललं जाते अन् पोरगी म्हणते ट्रिगर जड आहे. सेकंडहँडचं ग्रिप आधीच्या माणसाच्या हाताचं असते, त्यात अकरावीतल्या पोरीचा हात लहान. लाकूड घासून किंवा वूड पुट्टी लावून ते तिच्या हाताला बसव, ट्रिगरचं पातं, म्हणजे बोट टेकते तो भाग, मागे-पुढे अन् थोडं तिरकं करता येते तेही तिच्या बोटाप्रमाणे कर. यानंतरही पैसे खर्च करायचेच असतील तर ते वेगळं पातं घ्यायला कर. बॉल जॉइंटवाली पाती मिळतात, हवी त्या कोनात फिरतात, कोणाला रुंद आवडते कोणाला अरुंद. बाहेरच्या वस्तूंत मला खरोखर उपयोगाची वाटते ती एवढीच.

पूर्ण किटच्या मी विरोधात आहे आणि कारण साधं आहे. स्टेअरचा मूळ ट्रिगर या खेळासाठीच बनवलेला आहे, त्याच्यावर वरचढ अशी किट त्या किमतीत येत नाही. आतला भाग खरंच झिजला असेल, सेटिंग करूनही रोज वेगळं वागत असेल, तर कंपनीचाच मूळ पार्ट मागव अन् जाणकाराकडून बसवून घे. पकडीच्या धारेवर कानस किंवा पॉलिश पेपर लावणाऱ्याच्या दारात उभा राहू नको. वरचा कडक थर गेला की तो भाग कायमचा गेला. आणि इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, ज्यांच्याकडे साधी स्प्रिंगवाली एअर पिस्तूल आहे त्यांनी ट्रिगरची स्प्रिंग कापायची नाही, अन् छर्रा न घालता ती चालवायचीही नाही, आतला पिस्टन पुढे आदळून खराब होतो. मॅच पिस्तुलात ड्राय फायरची, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबायची, सोय वेगळी दिलेली असते म्हणून तिथे चालते.

इलेक्ट्रॉनिकचं म्हणशील तर ट्रिगर खूप सुंदर असतो, मी नाही म्हणत नाही. मोरिनीचं सीएम १६२ ईआय जगभर चालते, वॉल्थरच्या एलपी ५०० मध्येही इलेक्ट्रॉनिक प्रकार आहे. घासणारे भाग कमी, म्हणून पहिला शॉट अन् साठावा शॉट सारखाच लागते. पण त्याला बॅटरी लागते, सर्किट असते, अन् बिघडलं तर दर्यापुरात काय अमरावतीत तरी कोण उघडून पाहणार? टोकियोला २०२१ मध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, मोलाची मिनिटं गेली, ६०० पैकी ५७५ वर थांबली अन् फायनल दोन गुणांनी हुकली. तिच्यामागे कोच होते, टीम होती, तरी वेळ गेला तो गेलाच. पुढे २०२४ ला पॅरिसमध्ये तिने दोन ब्राँझ घेतले ते तिच्या मेहनतीचं. तुझ्या बहिणीकडे एकच पिस्तूल अन् एक तू. तिचा स्कोअर ५५० च्या वर टिकायला लागला की इलेक्ट्रॉनिकवर बोलू, तोपर्यंत मेकॅनिकल, जे तुला घरी उघडून समजते.

किटचे ते पैसे छर्ऱ्यांत, एंट्री फीमध्ये अन् पुण्याला बालेवाडीत स्टेट मॅच मारायला जायच्या भाड्यात घाल. आणि रोज संध्याकाळी लाईट असो नसो, कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे धरून ड्राय फायर करायला लाव. टार्गेट नको, फक्त पुढचं-मागचं साईट अन् बोट. सुटताना साईट हलली का एवढंच पाहायचं. नवा सेट केलेला ट्रिगर अंगवळणी पडायला हाच रस्ता आहे, आणि सेटिंग केल्यावर निदान महिनाभर स्क्रूला हात लावू देऊ नको, पोरं एक खराब सेशन झालं की लगेच ॲलन की काढतात.

काकांच्या रिव्हॉल्व्हरचं. नाही, अजिबात नाही. ते संरक्षणासाठी आहे, त्यात ट्रिगरचा जडपणा हीच सेफ्टी असते, घोडा (मागचा हॅमर) न ओढता मारलं तर मुद्दाम जोर लागावा असंच ते बनवलेलं असते. घोड्याची स्प्रिंग हलकी केली तर काडतुसाच्या बुडाला ठोका कमी बसते अन् गरजेच्या वेळी फुटतच नाही. शिवाय आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे हत्यार दुरुस्त करणाऱ्यालाही लायसन लागते, गावातल्या लेथवाल्याला किंवा मिस्त्रीला दाखवलं तर तो अन् काका दोघंही अडकतील. काही बिघाड असेल तर लायसनधारक डीलरमार्फतच दे. आणि बहिणीचं एअर पिस्तूल अन् ते रिव्हॉल्व्हर एका कपाटात ठेवू नको. तिच्या पिस्तुलाला लायसन लागत नाही, कारण ४.५ मिलिमीटर अन् २० जूलच्या आत आहे, पण म्हणून वावरात नेऊन पाखरांवर कोणी चालवायचं नाही, वन्यजीव कायदा तिथे लागू होते अन् पोरीचं करिअर तिथेच संपते.

तर आधी साखरेची बाटली कर. किती वजनाला सुटते तो आकडा, पकडीचा स्क्रू आत्ता कुठे आहे त्याचा फोटो, अन् बहिणीचा हात ग्रिपवर असतानाचा बाजूने एक फोटो, तीन गोष्टी इथेच टाक. त्यावरून कोणता स्क्रू किती फिरवायचा ते सांगतो. आणि कधी आर्वीकडे येणं झालं तर पिस्तूल अन् बहीण दोघांनाही घेऊन ये, नियमाचं टेस्ट वजन माझ्याकडे आहे, समोरच सेट करून देतो.