केआय-६७ चाळीस टक्के म्हणजे नक्की काय?

मावशींच्या स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टात 'केआय-६७ : ४० टक्के' आहे, म्हणजे पेशी भराभर वाढतात, तोच कॅन्सर ना, असं विचारलंय तुम्ही. अर्धं बरोबर. मोजलेल्या शंभर गाठीच्या पेशींतल्या साधारण चाळीस विभाजनाच्या चक्रात आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. नुसता वेग म्हणजे कॅन्सर नव्हे. परळच्या एका लॅबमध्ये मी बावीस वर्षं स्लाइड्स रंगवल्या. निरोगी आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, त्याच्या स्लाइडवरही विभाजन चाललेल्या पेशी हमखास सापडतात. पण त्यांना थांब म्हटलं की त्या थांबतात.

थांब म्हणणारी प्रथिनं असतात. आरबी हे डीएनएची नक्कल सुरू व्हायच्या आधीच दार अडवून बसतं. पी-५३ तुटलेला डीएनए दिसला की काम रोखतं, दुरुस्ती जमली नाही तर पेशीला मरायला लावतं. जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये पी-५३चा जनुक बिघडलेला असतो. मग तुटकी नक्कल तशीच पुढे जाते, त्यात आणखी चुका साठतात. एका चुकीनं सहसा काही होत नाही, म्हणून तर हा आजार बहुधा उतारवयात गाठतो.

एका पेशीच्या दोन होण्याआधी पेशी स्वतःच करते ती शेवटची तपासणी मला सगळ्यात आवडते. ४६ गुणसूत्रांच्या जोडप्रती मधोमध रांगेत येतात, दोन्ही बाजूंनी धागे जोडले जातात. एक जरी सुटी राहिली तरी पेशी खोळंबते. (आपली लोकल दारात लटकणाऱ्यांसाठी थांबते का?) सूक्ष्मदर्शकाखाली ती रांग गडद निळ्या रेघेसारखी दिसते. वाईट गाठीत मात्र कधी रेघेऐवजी तीन फाटे दिसतात: पेशी तीन बाजूंना ओढली जातेय, गुणसूत्रांची वाटणी कशीही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा स्लाइड बिघडली असं वाटून मी ती परत रंगवली होती!

आता कामाचं. ४० हा आकडा एकटा वाचू नका. ग्रेड (पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात), ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे संदेश घेणारी प्रथिनं) आणि हर-टू (वाढीचा संदेश घेणारं प्रथिन) काय आलंय ते डॉक्टरांना विचारा. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आजार पसरलेला असेल तर पाल्बोसिक्लिबसारख्या गोळ्या हार्मोनच्या औषधासोबत देतात. आरबीला बाजूला सारणाऱ्या एन्झाइम्सना त्या अडवतात, म्हणजे तो दारावरचा पहारा पुन्हा बसतो. मावशींना त्या लागतील का, हे बाकीचा रिपोर्ट बघूनच ठरेल.